रोजचं विज्ञान : हॅलोजन काढला, एलईडी लुकलुकतो

काशीच्या दशाश्वमेध घाटावर गंगा आरतीला पुढे बसलात तर दिव्यांची धग तोंडाला लागते. ज्योतीतले काजळीचे कण तापून पिवळे उजळतात. तापवल्याशिवाय तिथे उजेड नाही. बाथरूममधल्या हॅलोजनचंही तेच. त्यातली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि ५० वॅटमधली बहुतेक वीज उष्णता होऊन जाते.

एलईडीत तार नाही. अर्धवाहकाच्या चिपमध्ये इलेक्ट्रॉन थेट निळा प्रकाश सोडतात, वरचा पिवळसर लेप त्याचा पांढरा करतो. ५-७ वॅटमध्ये काम भागतं. पण १२ व्होल्टच्या जुन्या दिव्यामागे फॉल्स सीलिंगमध्ये ट्रान्सफॉर्मर दडलेला असतो. अशा अनेक इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरना ठरावीक किमान भार लागतो. एवढासा एलईडी तो देत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर चालू-बंद होत राहतो. दिवे बदलत बसण्यात अर्थ नाही, त्या ट्रान्सफॉर्मरऐवजी एलईडीचा ड्रायव्हरच बसवावा.

शॉवरच्या वर आयपी ६५ चा दिवा घ्या : ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. चिपची उष्णता मागच्या बाजूने निघते, तिथे मोकळी जागा ठेवा. कोंडली तर दिवा लवकर जातो.

काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, तेही मेन स्विच बंद करून. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कुणी बटण न्यूट्रलवर जोडलं असेल, तर दिवा विझलेला दिसतो आणि होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच असतात.