वस्तऱ्याची वंशावळ

वस्तरा हे हत्यार दिसावयास किती साधे! एक पोलादी पाते, ते ज्यात मिटून बसते ती दोन पट्ट्यांची मूठ आणि दोहोंना जोडणारी एक खीळ. १९०४ साली अमेरिकेत जिलेटच्या सुरक्षित वस्तऱ्याला एकस्व मिळाले आणि पुढे घरोघरच्या दाढीच्या सामानातून हे जुने हत्यार हळूहळू मागे पडले. तेव्हापासून ते संग्रहालयांच्या व हौशी संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसले आहे. तेथे मात्र त्याच्याविषयी प्रश्नांची माळ सुरू होते. ते कोणी घडविले? केव्हा? पोलाद कोणत्या जातीचे? मूठ खऱ्या हस्तिदंताची की बनावट? जुन्या वस्तऱ्याबरोबर त्याचा जन्मदाखला येत नाही. तो पात्यावरूनच वाचावा लागतो, आणि पाते नेहमीच खरे बोलते असे नाही.

प्रथम पाहावयाची ती खिळीजवळची जाड जागा. कारागिराची मुद्रा तेथे उमटविलेली असते. इंग्लंडातील शेफील्ड हे गाव या धंद्याचे माहेरघर होय. तेथील कात्री-सुऱ्या घडविणाऱ्यांचा संघ पार्लमेंटच्या कायद्याने १६२४ साली स्थापन झाला आणि कारागिरांच्या मुद्रांची नोंद त्याच्या दप्तरात होऊ लागली. मुद्रेत कारखान्याचा पत्ता असला, तर त्या काळच्या व्यापारी मार्गदर्शिकांत तो कारखाना कोणत्या वर्षी कोणत्या रस्त्यावर होता हे शोधून काळ ठरविता येतो. मुकुटाशेजारी ‘डब्ल्यू. आर.’ ही अक्षरे असल्यास राजा चौथ्या विल्यमची कारकीर्द, म्हणजे १८३० ते १८३७ ही सातच वर्षे, समोर येतात. ‘व्ही. आर.’ असल्यास मात्र व्हिक्टोरिया राणीची १९०१ पर्यंतची चौसष्ट वर्षे धुंडाळावी लागतात.

‘इंग्लंड’ या शब्दालाही असाच अर्थ आहे. अमेरिकेच्या १८९० सालच्या मॅकिन्ले जकात कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे १८९१ पासून सक्तीचे झाले. म्हणून ज्या पात्यावर नुसते ‘शेफील्ड’ आहे ते त्यापूर्वीचे आणि ज्यावर ‘शेफील्ड, इंग्लंड’ आहे ते त्यानंतरचे, असा ठोकताळा संग्राहक वापरतात. ठोकताळा उपयोगी खरा, पण तो कायदा अमेरिकेत जाणाऱ्या मालापुरता होता. इंग्लंडातच विकावयाच्या वस्तऱ्यावर देशाचे नाव नसले तर त्यात नवल ते काय? जोसेफ रॉजर्सच्या पेढीची तारा व माल्टाचा क्रूस ही मुद्रा १७६४ सालची. पण ती विसाव्या शतकातही पात्यांवर उमटत होती. मुद्रेचे वय म्हणजे पात्याचे वय नव्हे, हे ध्यानात न ठेवल्यामुळे पणतवाला पणजोबा ठरविण्याचे प्रकार घडतात.

मुद्रेच्या खालोखाल पोलादाचे नाव येते, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. ‘कास्ट स्टील’ म्हणजे ओतीव पोलाद. बेंजामिन हंट्समन हा मूळचा घड्याळजी. घड्याळांच्या कमानींसाठी एकजिनसी पोलाद मिळेना, म्हणून त्याने १७४० नंतरच्या दशकात शेफील्डजवळ मातीच्या बंद मुशीत पोलाद पूर्णपणे वितळविण्याची रीत साधली. हे पोलाद फार कठीण म्हणून गावच्या कारागिरांनी आधी ते नाकारले. फ्रेंच कारागिरांनी मात्र ते उचलले. त्यांचा सुंदर माल बाजारात दिसू लागल्यावर शेफील्डकरांचे डोळे उघडले.

मुशीत पोलाद करण्याची विद्या भारतात मात्र फार जुनी होती. दक्षिण भारतात, आजच्या तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात आणि तेलंगणातील कोनसमुद्रमसारख्या गावी, लोखंडाबरोबर लाकूड व पाने मुशीत बंद करून ती भट्टीत तापवीत. त्यातून निघणाऱ्या पोलादाच्या गोळ्यात सुमारे दीड टक्का कार्बन असे. युरोपात त्याला ‘वुट्झ’ म्हणत; कन्नडातील ‘उक्कु’ या शब्दाचे हे रूपांतर असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले आणि जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे त्यांवर निबंध वाचला. लंडनचा शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट तर या पोलादावर लुब्धच झाला.

याच स्टोडार्टने तरुण मायकेल फॅरडेला हाताशी धरले. वुट्झचे गुण कशामुळे येतात, हा त्यांचा प्रश्न होता. फॅरडेला पृथक्करणात ॲल्युमिनाचा अंश आढळला आणि त्याने त्यालाच श्रेय दिले. खरा कर्ता कार्बन होता. पॅरिसच्या टांकसाळीतील ब्रेआँ याने थोड्याच वर्षांत त्याकडे बोट दाखविले. पण फॅरडेच्या तर्कातून मिश्रपोलादांच्या प्रयोगांची एक मालिकाच जन्मली. १८२० व १८२२ साली दोघांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत पाचशे भाग पोलादास एक भाग चांदी हे मिश्रण त्यांना उत्तम वाटले. चांदी याहून अधिक घातली, तर निवताना ती बारीक मण्यांच्या रूपाने बाहेर येई.

मग काय विचारता! ‘सिल्व्हर स्टील’ हे शब्द वस्तऱ्यांवर झळकू लागले. शेफील्डच्या ग्रीन, पिक्सले आणि कंपनी या पेढीने फॅरडेच्या मिश्रणांचा खरोखरीच पाठपुरावा केला होता. परंतु हे नाव छापावयास कोणालाही मुभा होती. चांदी महाग आणि अक्षरे स्वस्त, हे उघडच होते. म्हणून या नावाचा वस्तरा हाती आला की पाते तपासण्यावाचून गत्यंतर नसते.

तपासावयाचे कसे? पात्याचा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पोलादाची घडण स्पष्ट दिसेल. पण वस्तराच नासेल. तुकडा न कापता करावयाची परीक्षा म्हणजे क्ष-किरण प्रतिदीप्ती. पात्यावर क्ष-किरण टाकले असता त्यातील प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठराविक ऊर्जेचे किरण परत देते आणि त्यांवरून द्रव्य ओळखता येते. पाचशेत एक, म्हणजे ०.२ टक्का चांदी यंत्राला सापडू शकते. पण चांदी लोखंडात नीट मिसळत नसल्याने अनेक जागा तपासाव्या लागतात, आणि ही परीक्षा पृष्ठभागाचीच असल्यामुळे मुलामा दिलेल्या नक्षीपासून दूर राहावे लागते. कार्बनसारखे हलके मूलद्रव्य मात्र या साध्या यंत्राच्या नजरेस पडत नाही. चांदी नाही एवढे ते सांगू शकेल. पोलाद चांगले की वाईट, याचा निवाडा त्याच्याकडे मागू नये. चांदीवाचूनही पाते उत्तम असू शकते.

मुठीची गोष्ट निराळी. खीळ काढली की मूठ बदलता येते, तेव्हा पाते व मूठ समवयस्क असतीलच असे नाही. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर रक्तवाहिन्यांच्या मार्गांचे काळसर ठिपके वा रेघोट्या दिसतात. सेल्युलॉइडच्या बनावट हस्तिदंतात रेषा असतात, पण त्या समांतर असतात आणि जाळी विणीत नाहीत. अमेरिकेत १८७० च्या सुमारास हायट बंधूंनी चालीस लावलेला हा पदार्थ नायट्रोसेल्युलोज व कापूर यांचा बनतो. बोटाने जोराने चोळल्यास कापराचा वास येतो, तेवढी परीक्षा पुरे. तापलेली सुई टोचून पाहण्याची जुनी युक्ती येथे कोणी करू नये. सेल्युलॉइड भडकन पेट घेते.

या पदार्थात आणखी एक खोड आहे. वय झाले की तो आपोआप विघटित होऊ लागतो आणि त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांचे आम्ल बनते. मिटलेल्या वस्तऱ्याचे पाते नेमके मुठीच्या कुशीत असते, त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणारे पाते उघडताच मुठीत दडणाऱ्या भागावर गंजाचे खोल खड्डे आढळतात. एका मुठीची ही व्याधी पेटीतील शेजारच्या पात्यांनाही लागते. म्हणून मूठ पिवळी पडली, तिला बारीक तडे गेले किंवा तिचा आंबूस वास येऊ लागला, की तो वस्तरा इतरांपासून वेगळा काढून हवेशीर, कोरड्या व थंड जागी पाते उघडे ठेवून सांभाळतात.