सांधे का दुखतात?

आमच्या घरी तीन माणसांचे सांधे दुखतात. आजीचे गुडघे, काकूची बोटे आणि मामाचे सगळे अंग. गावात या सगळ्याला 'वात' म्हणतात. आजी म्हणते, "म्हातारपण आलं की दुखायचंच. गप बसायचं." पण आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाई आमच्या शाळेत आल्या तेव्हा आम्ही त्यांना खूप प्रश्न विचारले. त्या म्हणाल्या, दुखणे सारखे दिसले तरी कारण वेगळे असते आणि कारणाप्रमाणे उपाय असतो. ते मी येथे लिहीत आहे.

पहिले कारण म्हणजे झीज. दोन हाडे जुळतात तेथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. वहाणेचा तळ झिजतो तशी ती झिजते. वय, जास्त वजन आणि जुनी दुखापत ही त्याची कारणे आहेत. आजीने जन्मभर उकिडवे बसून खुरपण केले. तिचे गुडघे चालताना दुखतात आणि बसले की थांबतात. झिजलेली कूर्चा परत येत नाही. पण मांडीचे स्नायू बळकट केले तर गुडघ्याला आधार मिळतो. खुर्चीवर बसायचे, एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, मग खाली घ्यायचा. असे दहा वेळा. आकडे मी मोजतो. काठी जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात धरायची. हे आजीला पटतच नव्हते, पण धरून पाहिल्यावर पटले.

दुसरे कारण चिकुनगुनिया. काही लोकांना वाटते की हा रोग कोंबडी खाल्ल्याने होतो. ते खोटे आहे. हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला आहे. दुखण्याने माणूस वाकतो, असा त्याचा अर्थ. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1973 साली याची मोठी साथ आली होती. पुढे 2006 साली साथ आली तेव्हा भारतात तेरा लाखांहून जास्त लोक आजारी पडले. त्यात आपल्या मराठवाड्यातलेही खूप लोक होते. याचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण रांजण आणि ड्रम भरून ठेवतो. तेच त्याचे घर! अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे. ताप चार-आठ दिवसांत जातो, पण सांधे कधी कधी महिनोन् महिने दुखतात. मामाला चार महिने झाले, अजून बादली उचलवत नाही. ताप असताना मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण डेंग्यू असला तर काही गोळ्यांनी रक्तस्राव होतो.

तिसरे कारण आमवात. यात शरीराचे रक्षण करणारी शक्ती चुकून आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. हा तरुण माणसांनाही होतो. दोन्ही हातांची बोटे सुजतात आणि सकाळी तास-तासभर आखडलेली राहतात. काकूला कापूस वेचता येईना. बोंडातून कापूस ओढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचे. कोणीतरी तिला बिननावाच्या पुडीतल्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत बरे वाटले, मग तोंड सुजायला लागले. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉईड असते. डॉक्टरांना न विचारता ते बरेच दिवस घेतले तर हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते. एकदम बंद केले तरी धोका असतो. म्हणून पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जायचे. काकूचे रक्त तपासले, आता औषध चालू आहे. आमवाताचे औषध लवकर सुरू झाले तर बोटे वाकडी होणे टळू शकते. उशीर झाला तर वाकलेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.

आता आपल्या मुलांचे. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजू लागले, तर घरी लगेच सांगा. त्या आजाराने हृदय बिघडू शकते. "पोरगं वाढतंय, म्हणून दुखतंय" असे कोणी म्हणाले तरी दवाखान्यात जायचे. एकच सांधा एकदम लाल, गरम झाला आणि ताप असला तर त्याच दिवशी जायचे.

मित्रांनो, आपल्या घरी कोणाचे सांधे सहा आठवड्यांहून जास्त दुखत असतील तर त्यांना तीन प्रश्न विचारा. कोणता सांधा दुखतो? सकाळी किती वेळ आखडतो? आधी ताप आला होता का? उत्तरे वहीत लिहा आणि वही घेऊन त्यांच्याबरोबर परतूरच्या सरकारी दवाखान्यात जा. मोठी माणसे डॉक्टरांपुढे निम्मे विसरतात. वही विसरत नाही.

— इयत्ता ४ थी