‘छू’ म्हणणे सोपे, ‘सोड’ म्हणणे अवघड

जर्मनीतील राखणदार कुत्र्यांची परीक्षा आणि आपल्या वस्तीवरची राखण

वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याला कुत्रा लागतोच. मोटारीची केबल, ठिबकच्या नळ्या, शेळ्या-करडे, शेडमधला माल, या सगळ्यावर रात्रीची नजर ठेवणारा तोच. पूर्वी गावठी कुत्र्यावर भागत असे. आता पोल्ट्रीवर, द्राक्षबागेच्या शेडवर आणि रस्त्याकडेच्या बंगल्यांत जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर दिसू लागले आहेत. जर्मन शेफर्ड म्हणजे आपले लोक ज्याला अल्सेशियन म्हणतात तोच. असा कुत्रा घेताना पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो : ‘चावतो का?’

या तिन्ही जाती ज्या देशातल्या, त्या जर्मनीत हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षे उलटा विचारला जातो : ‘सांगितल्यावर सोडतो का?’ नुसता विचारला जात नाही, तर भर मैदानात, पंचांसमोर, गुण देऊन तपासला जातो. त्या परीक्षेत काय बघतात, हे आपल्याकडच्या कुत्रेवाल्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

मूळचा मेंढपाळाचा कुत्रा

जर्मन शेफर्ड हा मूळचा मेंढरांमागचा कुत्रा. तिकडे मेंढपाळ उघड्या शिवारातून कळप चारत नेत. एका बाजूला चराईचा पट्टा, दुसऱ्या बाजूला उभे पीक आणि मध्ये कुंपण नाही. कुत्रा त्या हद्दीवरून दिवसभर येरझाऱ्या घालायचा आणि मेंढरू पिकात शिरू द्यायचा नाही. म्हणजे चालते-बोलते कुंपणच म्हणा ना! एखादे हट्टी मेंढरू ऐकेना तर तो तोंडाने धरायचा, पण कातडे फाडायचे नाही, झटके द्यायचे नाहीत आणि लगेच सोडायचे. मेंढी जखमी करणारा कुत्रा मेंढपाळाला परवडण्यासारखा नव्हता.

१८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातल्या माजी अधिकाऱ्याने असाच एक कामाचा कुत्रा विकत घेतला आणि त्याचे नाव होरांड ठेवले. त्याच वर्षी या जातीची संघटना उभी राहिली आणि वंशावळीच्या नोंदवहीत पहिले नाव होरांडचे लागले. पण हळूहळू मेंढपाळी कमी होत गेली. कामच उरले नाही तर लोक नुसत्या दिसण्यावर पैदास करतील आणि जात बिघडेल, ही भीती होती. म्हणून हा कुत्रा पोलिस आणि सैन्याच्या कामी लावण्याचे प्रयत्न झाले आणि कुत्र्याचा स्वभाव व अंगातला दम पारखणारी परीक्षा सुरू झाली. तिला ‘शुट्झहुंड’, म्हणजे रक्षण करणारा कुत्रा, असे नाव पडले. पुढे ती अनेक देशांत पोहोचली. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय नियमावलीत तिला ‘आयजीपी’ म्हणतात.

परीक्षेत तीन विषय असतात : माग काढणे, आज्ञा पाळणे आणि रक्षण. प्रत्येकी १०० गुण, आणि प्रत्येकात निदान ७० मिळाले तरच पास. शिवाय त्याआधी एक प्रवेश परीक्षा असते. रहदारी, सायकलवाला, धावत जाणारा माणूस, अनोळखी कुत्रा यांच्यात हा कुत्रा शांत राहतो का, हे तिथे बघतात. तिच्यात नापास झालेल्या कुत्र्याला पुढच्या परीक्षेला बसताच येत नाही. म्हणजे माणसात राहण्याची लायकी आधी, रक्षणाची गोष्ट नंतर.

रक्षणाचा पेपर असा असतो

मोठ्या मैदानावर एक माणूस मागे लपू शकेल असे सहा आडोसे उभे केलेले असतात. त्यातल्या शेवटच्या आडोशात ‘हेल्पर’ उभा असतो. हा म्हणजे खोटा चोर. त्याच्या एका हातावर तागाचे आवरण असलेली जाड बाही, दुसऱ्या हातात गादीसारखी मऊ काठी.

पहिले काम शोधाचे. मालक हातवारे करून कुत्र्याला डावीकडे-उजवीकडे पाठवतो आणि कुत्र्याने एकेक आडोसा फिरून यायचे. सराव झालेल्या कुत्र्याला ठाऊक असते की माणूस शेवटच्याच आडोशात आहे. तरीही मधले आडोसे टाळून तो सरळ तिकडे पळाला तर गुण कापले जातात.

माणूस सापडला की खरी कसोटी लागते. हेल्पर गुमान उभा असतो. कुत्र्याने त्याच्यासमोर थांबून जोरजोरात, सलग भुंकायचे. पण चावायचे नाही. अंगाला धक्का लावला तरी गुण जातात. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही आपली म्हण इथे परीक्षेचा नियम होऊन बसली आहे. जो माणूस उभा आहे, हलत नाही, हल्ला करत नाही, त्याला दात लावायचा अधिकार कुत्र्याला नाही.

मग हेल्पर पळू लागतो. आता मात्र कुत्र्याने झेप घेऊन बाही धरायची आणि त्याला रोखायचे. हेल्पर थांबला की मालक लांबूनच ‘आउस’ म्हणतो, म्हणजे ‘सोड’. कुत्र्याने तत्काळ सोडायचे आणि समोर राहून पहारा द्यायचा. थोड्या वेळाने हेल्पर काठी उगारून अंगावर येतो. कुत्र्याने मागे न हटता पुन्हा धरायचे, पुन्हा सोडायचे. ज्या देशांत कुत्र्यावर काठी मारण्यास बंदी आहे तिथे काठीचा मार वगळून परीक्षा घेतात.

त्यानंतर ‘पकडलेल्या चोराला’ पुढे घालून मालक आणि कुत्रा काही अंतर ठेवून मागून चालतात. तो मध्येच उलटून हल्ला करतो. शेवटी मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून हेल्पर आरडाओरडा करत धावत येतो आणि मालक एकाच हुकमावर कुत्रा सोडतो. भरधाव सुटलेले हे जनावर बाहीला भिडते तेव्हा प्रेक्षकांचा श्वास रोखला जातो. पण पंचांचे लक्ष पुढच्या क्षणाकडे असते : ‘आउस’ म्हटल्यावर काय होते? सगळे संपल्यावर मालक हेल्परची काठी काढून घेतो, कुत्र्याला दोघांच्या मध्ये ठेवतो आणि तिघे शांतपणे चालत पंचांकडे जातात. दोन मिनिटांपूर्वी ज्याच्याशी झोंबी घेतली त्याच्याच शेजारून कुत्र्याने काही न करता चालायचे.

गुण कशाला, बाद कशाने

सगळ्यात वरच्या पायरीवर हा ‘सोड’ चार-पाच वेळा येतो. पहिल्या हुकमाला सोडले नाही तर गुण जातात. आणखी दोन वेळा सांगण्याची मुभा असते. तरीही सोडले नाही तर कुत्रा बाद, मग तो कितीही जोरकस असो. बाही सोडून अंगावर दुसरीकडे कुठेही चावला तरी बाद. मालकाच्या ताब्यातून सुटला तरी बाद.

धरण्यालाही गुण असतात, पण ते भरल्या तोंडाने, घट्ट आणि शांत धरण्याला. दातांच्या टोकाने धरणारा, पकड बदलत चावत राहणारा कुत्रा बहुधा आतून घाबरलेला असतो, हे पंच ओळखतात. आपल्याकडे अशालाच ‘लई डेंजर’ म्हणून मिरवतात!

हे सगळे मारून शिकवता येत नाही. पिलू लहान असताना तागाच्या फडक्याशी ओढाओढीचा खेळ सुरू होतो. खेळ जिंकला की फडके पिलाचे. पुढे फडक्याच्या जागी बाही येते. पहिल्या पायरीची परीक्षा द्यायला कुत्रा निदान दीड वर्षाचा असावा लागतो. जर्मनीत २०२२ पासून कुत्र्याच्या शिक्षणात आत काटे वळवलेला गळपट्टा आणि वेदना देणारी इतर साधने वापरण्यास कायद्याने बंदी आहे. आपले धनगर कुत्र्याला काट्यांचा पट्टा बांधतात, त्याचे काटे बाहेरच्या बाजूला असतात; तो लांडग्या-बिबट्यापासून नरडे वाचवण्यासाठी. त्याचा आणि याचा संबंध नाही.

या खेळावर टीका करणारेही आहेत. घरगुती कुत्र्याला माणसावर झेप घ्यायला शिकवावेच कशाला, असा त्यांचा सवाल आहे आणि तो वाजवी आहे. खेळातला कुत्रा बाही ओळखतो, खरा चोर ओळखेलच असे नाही. म्हणून हे वाचून उद्यापासून हाताला गोणपाट गुंडाळून कुणी प्रयोग करू नये. ते काम जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय करायचे नाही. आपण घ्यायचे ते एवढेच, की राखणदार कुत्र्याची किंमत त्याच्या थांबण्यावर ठरते.

आपल्या वस्तीवर काय करावे?

आपल्याकडे रीत उलटी. पिलू दिवसभर हातभर साखळीला, येणारा-जाणारा खडे मारून चिडवतो, मालकाला वाटते कुत्रा ‘कडक’ होतोय. तो कडक होत नाही, भेदरट होतो. ज्या दिवशी साखळी तुटते त्या दिवशी चोर सापडत नाही. सापडतो तो दूधवाला, लाइनमन, आशाताई, नाहीतर शाळेतून येणारे पोर.

तेव्हा पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

पिलू तीन महिन्यांचे होईपर्यंत त्याला माणसे, मुले, गुरे, मोटारसायकल यांची सवय लावावी. या वयात जे दिसते त्याची पुढे भीती राहत नाही.

‘ये’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द पक्के करावेत. तोंडातली वस्तू सोडली की भाकरीचा तुकडा द्यावा. ओढून घेऊ नये, मारू नये. घरातल्या सगळ्यांनी शब्द तोच वापरावा.

रात्री भुंकून मालकाला उठवणे एवढे राखणीला पुरते. पुढचे काम माणसाचे.

कुत्रा अवाजवी काळ आखूड वा जड साखळीला बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. बिबट्याच्या भागात तर बांधलेला कुत्रा म्हणजे आयते भक्ष्य.

पाळीव जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली असे नाही.

तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी. कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. चुना, हळद, मिरची काहीही लावू नये. रेबीज झाल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलिस पाटील यांनीही यात लक्ष घालावे. पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून वर्षातून एकदा गावात लसीकरणाचे शिबिर लावावे, गावातल्या पाळीव कुत्र्यांची आणि लसीच्या तारखांची वही ठेवावी. एकाच कुत्र्याबद्दल दुसऱ्यांदा तक्रार आली तर मालकाला बोलावून समज द्यावी. पोराला चावल्यावर भावकीत भांडण लागते, ते मिटवण्यापेक्षा हे सोपे.

आणि मालकांनी एक साधी परीक्षा घरच्या घरी घ्यावी. फाटकाच्या बाहेर ओळखीचा पाहुणा उभा असताना, आतून कुत्रा भुंकत असताना, त्याला एकदाच हाक मारावी. वळून आपल्याकडे आला तर आपल्याकडे राखणदार आहे. नाही आला तर फाटक बंदच ठेवावे आणि ‘ये’ या शब्दापासून सुरुवात करावी.