पुण्याची रग्बी कर्णधार

आयर्लंडमध्ये लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाक्ट हे रग्बीचे चार प्रांतीय संघ खेळाडूंना पगारी करारावर घेतात. 1995 मध्ये रग्बी युनियन हा खेळप्रकार व्यावसायिक झाला, त्यानंतरची ही व्यवस्था. पुण्याच्या रग्बीपटू वाहबिझ भरूचा यांच्या वाट्याला मात्र असला करार आला नाही. पेशाने त्या फिजिओथेरपिस्ट. पोट त्यावर आणि रग्बी जिवाच्या हौसेवर. तरीही 2018 मध्ये भारतीय महिलांच्या पंधराजणींच्या संघाने सिंगापुरात पहिले आंतरराष्ट्रीय सामने खेळले, तेव्हा कर्णधार त्याच होत्या.

पुढच्याच वर्षी, जून 2019 मध्ये, फिलिपाइन्समध्ये भारताने सिंगापूरला 21-19 असे हरवले. अखेरच्या मिनिटांत ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टी किक मारली, चेंडू दोन खांबांमधून गेला आणि तीन गुण मिळाले. पंधराजणींच्या प्रकारातला भारतीय महिलांचा हा पहिला विजय. आपल्याकडे त्याचा जितका गाजावाजा व्हायला हवा होता, तितका झालाच नाही.

2025 मध्ये मुंबईत फ्रँचायझींची रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली. सात खेळाडूंच्या संघांची, पण पुरुषांची. महिलांची लीगही लवकर यायला हवी.