ढीग उतरला, भार कुणावर?

जालन्याच्या एमआयडीसीत पूर्वी पोलाद कारखान्याची पत भंगाराच्या ढिगावरून ठरायची. यार्डात डोंगर उभा असला की मालक निर्धास्त. भाव चढो, बंदरात कंटेनर अडकोत, भट्टी थांबणार नाही. भट्टीतून निघालेले इनगॉट थंड व्हायचे, थप्पी लागायची, मग रोलिंग मिलमध्ये कोळशावर पुन्हा तापवून त्यांची सळई निघायची. तापवलेलं लोखंड थंड करायचं आणि परत तापवायचं! पुढे कॅस्टरमधून निघालेलं लालबुंद बिलेट थेट मिलमध्ये घालायची पद्धत आली. कोळसा वाचला, थप्प्या गेल्या, अडकलेला पैसा मोकळा झाला. मग मालकांची नजर भंगाराच्या ढिगाकडे वळली. लीन मॅन्युफॅक्चरिंगचं एक सूत्र तेच, साठा म्हणजे नासाडी.

खरेदी विभागात बसून मी पुढचं सगळं पाहिलं आहे. मोठा ढीग असला की माल निवडायला सवड मिळते. भंगारात बंद सिलिंडर, शॉक अब्सॉर्बर किंवा पाणी साठलेला डबा निघाला तर बाजूला काढता येतो. तो वितळलेल्या लोखंडात पडला तर स्फोटच. ढीग उतरला, तशी ही निवड पुरवठादाराच्या गोदामात व्हायला हवी होती. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. गेटवरून गाड्या परत जाऊ लागल्या.

एकदा एक जुना व्यापारी भट्टीवरच येऊन उभा राहिला. "मिस्त्री, एक डबा निघाला म्हणून अख्खी गाडी परत?"

मेल्टर शांतपणे म्हणाला, "शेठ, त्या एका डब्यानं माझी पोरं जातील."

दोघं बराच वेळ बोलले. पुढच्या आठवड्यात मेल्टर स्वतः त्याच्या गोदामात गेला आणि काय कापायचं, काय वेगळं ठेवायचं हे हमालांना हातात माल घेऊन दाखवून आला. माझ्या मते आमच्याकडे लीन आलं ते त्या दिवशी. त्याआधी नुसता साठा कमी झाला होता.

लीनसाठी टोयोटाचं उदाहरण सगळेच देतात, पण त्यातला खरा किस्सा १ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटेचा आहे. जपानमधल्या कारियात आयसिन सेइकी या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत असे आणि टोयोटाकडे साठा होता तासांच्या हिशेबात. गाड्यांचं उत्पादन ठप्प झालं. मग शेकडो लहानमोठ्या पुरवठादारांनी आयसिनचे नकाशे घेऊन मिळेल त्या यंत्रावर व्हॉल्व्ह बनवायला घेतले. शिलाई मशीन बनवणारी ब्रदरसुद्धा त्यात होती. कुणी आधी दर ठरवत बसलं नाही. आठवडाभरात गाडं बहुतेक रुळावर आलं आणि टोयोटाने नंतर पुरवठादारांना मोबदला दिला. तो मिळेल याची त्यांना खात्री होती, कारण मागचे व्यवहार तसे झाले होते.

आपल्याकडे मात्र माल रोजच्या रोज हवा आणि बिल तीन महिन्यांनी. साठा नाहीसा होत नाही, तो लहान माणसाच्या गोदामात आणि त्याच्या व्याजात जाऊन बसतो. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत हा नियम २००६ च्या कायद्यात आहे. एप्रिल २०२४ पासून तर मुदत चुकवली आणि वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही. २०२४ मध्ये टोयोटाने शेजारच्या जिल्ह्यातल्या बिडकीनमध्ये कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी करार केला, तेव्हापासून इकडचे सुटे भाग बनवणारे वेळापत्रकांची चौकशी करतात. बिलाच्या तारखेचीही तितक्याच आग्रहाने करावी.

त्या व्यापाऱ्याने एकच अट घातली होती: "माल निवडून देतो, पण पैसे ठरल्या दिवशी." मालकांनी ती मानली. ठरल्या दिवशी पैसे जमा होऊ लागले, खातं बघून बँकेने त्याला कर्ज दिलं आणि त्याने भंगार कापायचं स्वतःचं यंत्र घेतलं. त्याची गाडी आता गेटवर अडत नाही.