रँड, उंदीर आणि पिसू

शाळेत चापेकर बंधूंचा विषय निघाला की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : रँड प्लेगची साथ आटोक्यात आणायलाच आला होता ना, मग त्याला मारलं का? प्रश्न आगाऊ वाटला तरी रास्त आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं निम्मंच उत्तर सापडतं. उरलेलं निम्मं विज्ञानाच्या तासाचं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला तो मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. पुढं साथ पुण्यात पसरली, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि पुण्यातली साथ आवरण्याची सूत्रं रँड या इंग्रज अधिकाऱ्याकडे गेली. गोरे शिपाई बुटांसकट माजघरात, देवघरात शिरू लागले. अंथरुणं-पांघरुणं रस्त्यावर जाळली गेली. काखेत, जांघेत गाठ आहे का, हे पाहायला बायकांनाही उघड्यावर उभं केलं गेलं. सोवळ्याचा प्रश्न होताच. अब्रूचा त्याहून मोठा. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर झाडलेल्या गोळ्यांमागे हा संताप होता.

आता विज्ञान. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण उंदरावरची पिसू तो पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोगानं दाखवलं १८९८ मध्ये. उंदीर मरून गार पडला की पिसवा त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात. पुण्यात झडत्या चालू असताना हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खेड्यांतले लोक मात्र ‘उंदीर पडले’ की घरं सोडून रानात झोपड्या टाकत. कारण माहीत नसताना केलेला हा उपाय झडतीपेक्षा शहाणपणाचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘तेव्हा लस नव्हती?’ होती, नुकतीच. हाफकिन यांनी ती मुंबईत तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या.

प्लेग संपला का, हाही नेहमीचा प्रश्न. देवीचा रोग फक्त माणसांत होता, म्हणून तो संपवता आला. प्लेगचा जंतू रानातल्या उंदरांत टिकून राहतो. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत त्यानं पुन्हा डोकं वर काढलं. आज वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर रोगी बरा होतो. तेव्हा घरात, गोठ्यात एकाएकी बरेच उंदीर मेलेले दिसले तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा.