झऱ्यातला हेलियम काय सांगतो?

२७ सप्टेंबर २०१४, शनिवार. दुपारचे बारा वाजायला आठ मिनिटे होती. जपानमधील ओन्ताके पर्वताच्या माथ्यावर पानगळीचे रंग पाहायला आलेल्या गिर्यारोहकांची गर्दी होती. काहींनी नुकतेच जेवणाचे डबे उघडले होते. तेवढ्यात डोंगर फुटला. राख आणि दगडांच्या माऱ्यात ६३ जण मृत वा बेपत्ता झाले. त्या दिवशी धोक्याची पातळी सर्वांत खालची, म्हणजे ‘एक’ होती.

मग डोंगराने काहीच सूचना दिली नव्हती का? ज्वालामुखीपासून सुमारे चार किलोमीटरवर निगोरिगो नावाचा गरम पाण्याचा झरा आहे. त्यातून निघणाऱ्या वायूचे नमुने जपानी शास्त्रज्ञ १९८०च्या दशकापासून घेत आले होते. उद्रेकानंतर त्यांनी जुने आणि नवे आकडे शेजारी मांडले. तेव्हा दिसले, की आधीच्या दहा वर्षांत या झऱ्यातील हेलियमचा ‘गुण’ हळूहळू बदलत गेला होता. ज्वालामुखीपासून लांब असलेल्या झऱ्यांत मात्र तशी वाढ नव्हती. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

गुण बदलला म्हणजे काय? फुग्यात भरतात तो हेलियम दोन प्रकारचा असतो. हेलियम-४ हा खडकांतील युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणोत्सारी ऱ्हासातून सतत तयार होत असतो. पृथ्वीच्या पोटातला हेलियम-३ मात्र जवळजवळ सगळा जुनाच आहे. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी घडताना जो आत अडकला, तोच अजून थोडा थोडा बाहेर येतो आहे. हेलियम कशाशीही संयोग पावत नाही. शिवाय तो इतका हलका, की हवेत आला की कालांतराने अवकाशात निसटतो आणि पुन्हा जमिनीत मुरत नाही. म्हणून एखाद्या बुडबुड्यात हेलियम-३चे प्रमाण जास्त आढळले, तर तो वायू खोलवरून आला असे मानता येते.

मोजपट्टी आपल्या हवेचीच आहे. हवेत हेलियम-४चे सुमारे सात लाख अणू असतील, तर हेलियम-३चा एक असतो. भूकवचातील जुन्या खडकांतून येणाऱ्या वायूत हे प्रमाण हवेच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्शाएवढे असते. समुद्रतळावरील ज्वालामुखींच्या रांगांत, जिथे प्रावरणातील शिलारस वर येतो, ते हवेच्या आठपट भरते. ओन्ताकेच्या झऱ्यात हेच प्रमाण चढत गेले. याचा अर्थ खाली शिलारसातून सुटलेला वायू वाढत होता.

या वायूंवर एवढी भिस्त का, याचे उत्तर सोपे आहे. माणसाने खोदलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला येथे आहे. ते १२ किलोमीटरच्या थोडे पुढे गेले आणि थांबले. पृथ्वीचे केंद्र ६,३७१ किलोमीटर खोल आहे. भूकंपलहरी आतली रचना दाखवतात, पण आतला माल किती जुना, याची साक्ष वायूच देतात. आइसलँड आणि हवाई बेटांच्या परिसरात हेलियमचे प्रमाण हवेच्या तीसपटीहून अधिक मिळाले आहे. कॅनडातील बॅफिन बेटावरच्या सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात तर २०२३ मध्ये ६७ पट नोंदले गेले. हा हेलियम थेट पृथ्वीच्या गाभ्यातून झिरपला असावा, असे संशोधकांना वाटते. त्यावर अजून वाद आहे.

आपला सह्याद्रीही या कथेत आहे. दख्खनच्या लाव्हाशी नाते असलेले, पण त्याच्या मुख्य लोंढ्याआधी सुमारे ६ कोटी ८५ लाख वर्षांपूर्वी घडलेले खडक राजस्थानात मुंडवारा आणि सरनू-दंडाली येथे आहेत. १९९३ मध्ये त्यांच्यात हेलियमचे प्रमाण हवेच्या जवळजवळ १४ पट आढळले. दख्खनचा लाव्हा खोल प्रावरणातून उसळला, या मताला त्यातून मोठा आधार मिळाला.

तिबेटात तर वायूंनी नकाशा आखून दिला. भारतीय भूपट्ट तिबेटखाली किती आत शिरला आहे, हा जुना प्रश्न. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक झऱ्यांच्या हेलियमचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिणेकडच्या झऱ्यांत प्रावरणातला हेलियम नाही, उत्तरेकडच्या झऱ्यांत आहे. खाली भारताचा थंड, जाड थर जिथवर पसरला आहे, तिथवर खालचा वायू अडतो. जिथे तो थर संपतो, तिथून वायूला वाट मिळते.

हे नमुने घेणे किचकट काम आहे. झऱ्यात पाण्याखाली उलटे नरसाळे धरून बुडबुडे पकडतात. साध्या काचेतून हेलियम हळूहळू निसटतो, म्हणून तांब्याच्या नळीत वायू भरून तिची दोन्ही टोके दाबून बंद करतात. बाहेरची हवा मिसळली की आकडे बिघडतात. ती किती मिसळली, हे निऑनच्या प्रमाणावरून ताडतात. ज्वालामुखीच्या मुखाशी तर जिवाशीच गाठ असते. १४ जानेवारी १९९३ रोजी कोलंबियातील गालेरास ज्वालामुखी अचानक उसळला. सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक मारले गेले. त्यांपैकी रशियाचे इगोर मेन्यायलोव्ह त्या दिवशी विवरात उतरून वायूचे नमुने घेत होते.

हेलियम उद्रेकाची तारीख सांगत नाही. ओन्ताकेचा अर्थही नंतरच लागला. तरी वायूंचा इशारा वेळेत वाचता येतो, हे फिलिपिन्समधील पिनातुबोने १९९१ मध्ये दाखवले. मे महिन्यात अवघ्या पंधरा दिवसांत तिथला सल्फर डायऑक्साइड रोज ५०० टनांवरून ५,००० टनांवर गेला. इतर खुणांबरोबर या आकड्यावरूनही शास्त्रज्ञांनी धोका ओळखला आणि १५ जूनच्या महाउद्रेकापूर्वी हजारो लोकांना हलवता आले.

फरक ओळखायचा, तर आधीची नोंद हवी. डोंगर शांत असतानाही कुणीतरी त्याच झऱ्यावर पुन्हा पुन्हा जाऊन नळी भरून आणावी लागते. निगोरिगोच्या झऱ्यावर ते काम होत होते, म्हणून तर ओन्ताकेने दहा वर्षे काय सांगितले ते आज आपल्याला कळते.